फ्रीमाँटला पुढे पळणारा लंबक

मित्रांनो, मी एक जुना लंबक आहे. काटा नव्हे, तबकडी नव्हे. काचेआड डावीउजवीकडे झुलतो ना, तो. लोक मला शोभेची वस्तू समजतात, म्हणून आधीच सांगून टाकतो: काटे वेळ नुसती दाखवतात, ठरवतो मी. माझा झोका पुरा झाल्याशिवाय आतल्या दातेरी चाकाची एका दातानेसुद्धा पुढे सरकण्याची हिंमत नाही.

माझी पितळी चकती पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवली. दांडी शिसवी लाकडाची. चकतीखाली एक छोटा नट बसवला. तो सैल केला की चकती केसभर खाली उतरते, मी लांब होतो आणि सावकाश झुलतो. आवळला की आखूड होतो आणि घाई करतो. माझी लांबी आणि पृथ्वीची ओढ, या दोघांचंच मी ऐकतो. चकती जड आहे की हलकी, याला मी हिंग लावून विचारत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे अकरावीची मुलं दोऱ्याला गोळी टांगून पृथ्वीची ओढ मोजत. पुस्तकात उत्तर छापलेलं असायचं, नऊ पूर्णांक आठ. मुलं आधी ते उत्तर लिहीत आणि मग त्याला शोभेल असं मोजमाप मनानेच भरत. गोळी बिचारी उगाच झुलत राही. मला त्या पोरांचा मनस्वी राग यायचा. एकट्या रत्ना मॅडम अशी पानं परत करत आणि म्हणत, "गोळीने सांगितलं ते लिहा, पुस्तकाने सांगितलं ते नको." मुलं त्यांच्यावर चिडत. मी मात्र त्यांच्यावर फिदा होतो.

मग प्रयोगशाळेत सेलवरचं घड्याळ आलं आणि मला माळ्यावर टाकण्याची बोलणी सुरू झाली. त्याच सुमारास रत्ना मॅडमनी राजीनामा दिला. त्यांचे पती शैलेंद्र कॅलिफोर्नियात चिप बनवणाऱ्या कंपनीत लागले होते. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी घड्याळासकट मला त्यांच्या हाती दिलं आणि २००३ साली मी रजया-चादरींत गुंडाळून फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये येऊन पोहोचलो. भिंत पोकळ निघाली. शैलेंद्रने टकटक करून आतला लाकडी खांब शोधला, त्यावर खिळा मारला आणि मी पुन्हा झुलू लागलो.

आणि पुढे पळू लागलो. रोज मिनिटभर, किंचित जास्तच.

रविवारी काटे जुळवले की पुढच्या रविवारपर्यंत मी पुन्हा पुढेच. घरात माझ्यावर खल सुरू झाला. शैलेंद्रचा मित्र विक्रम सनीव्हेलहून यायचा, तोही इंजिनिअर. तो म्हणाला, "वहिनी, इथलं ऊन कडक आहे. दांडी तापून एक्स्पांड होत असणार." अरे, लांब झालो असतो तर मागे पडलो असतो ना. पुढच्या वेळी त्याने फ्रिजवरचे दोन मॅग्नेट माझ्या चकतीच्या ऐन मध्यावर टेपने चिकटवले. वजन वाढलं की स्लो होईल, हा त्याचा हिशेब. मी ते ओझं पोटाशी बांधून होतो तसाच पळत राहिलो. मित्रांनो, दिवसभर चिपमधल्या ठोक्यांचं गणित करणारी ही हुशार माणसं, पण माझं काही म्हणणं असू शकेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

रत्नाही गप्प असायची. डिपेंडंट व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी गाड्या फ्रीवेकडे गेल्या की ती माझ्यासमोर कॉफी घेऊन बसायची आणि प्यायची विसरायची. तिची ती दशा मला बघवत नसे.

एका शनिवारी विक्रम दारात येऊन पडलेलं खोकं घेऊन आत आला. शैलेंद्रने ऑनलाइन मागवलेली बॅटरीवरची मशीन त्यात होती. बेत असा होता की माझी चाकं, स्प्रिंग सगळं उपसून टाकायचं आणि मला मात्र दर्शनी राहू द्यायचं. आत सेल वेळ मोजणार आणि मी बाहेर एका चुंबकाच्या धक्क्याने खोटंखोटं झुलणार. मला भंगारात काढलं असतं तरी चाललं असतं. पण जन्मभर वेळ ठरवल्यावर वेळ ठरवण्याचं नाटक करायचं? ते मी मेलो तरी करणार नव्हतो.

शैलेंद्रने घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं. स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

"थांब," रत्ना म्हणाली.

"अगं, लंबक राहणारच आहे. लुक तोच राहील. फक्त करेक्ट चालेल."

"ते आत्ताही करेक्टच चालतंय."

"रत्ना, रोज एक मिनिट फास्ट आहे यार."

"रोज तेवढंच. हेच म्हणतेय मी." ती खुर्ची ओढून बसली. तिचा वर्गातला आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो. "बिघडलेलं घड्याळ आज पुढे जातं, उद्या मागे. हे कधीच चुकत नाही. पुणे उंचावर आहे आणि विषुववृत्ताच्या जवळ. तिथे पृथ्वीची ओढ थोडी कमी. आपण समुद्राजवळ उतरलो, उत्तरेला सरकलो. इथे ओढ जास्त, म्हणून झोका लवकर पुरा होतो."

"पण ग्रॅव्हिटी सगळीकडे नाइन पॉइंट एट, ना?" विक्रम म्हणाला.

"पुस्तकात," रत्ना म्हणाली.

शैलेंद्रने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला नाही. "बरं, मान्य. पण इथे आलोय तर इथल्यासारखं अ‍ॅडजस्ट व्हायला नको का?"

रत्नाचा चेहरा उतरला. ते वाक्य माझ्यावर नव्हतं, तिलाही कळलं आणि मलाही. बोलता आलं असतं तर मी त्या माणसाला चांगलं खडसावलं असतं.

"व्हायला हवं," ती शांतपणे म्हणाली, "पण आतलं सगळं उपसून नाही. झुलायचं मी बंद करणार नाही, शैलेंद्र. त्यालाही करू देणार नाही."

तिने टेप ओढून काढला, मॅग्नेट विक्रमच्या हातात दिले आणि माझ्या चकतीखालचा नट बोटांनी सैल केला. एक फेराही पुरता नाही. मी केसभर लांब झालो. मग तिने स्वतः मला खिळ्यावर टांगलं, चावी दिली आणि बोटाने हलकेच ढकललं.

पुढच्या रविवारी काटे हलवावे लागले नाहीत. शैलेंद्रने मला आपल्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. मग त्याने ते खोकं परत पाठवायला गाडीत ठेवलं आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "तो व्हिसाचा वकील म्हणत होता नोकरीच्या व्हिसासाठी तुझ्या नावाने वेगळा अर्ज करता येईल. चौकशी करू या?"

"करू या नाही," रत्ना म्हणाली. "मी करते."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची कीव करू नका, आम्हाला ती नको आहे. धूळ पुसा, भिंतीवर सरळ टांगा, आठवड्याला चावी द्या. आणि आम्ही तुमच्यापेक्षा वेगळं काही सांगू लागलो, तर हत्यारं काढण्याआधी खुर्ची ओढून समोर बसा. मी आजही झुलतोय, आणि वेळ अजून मीच ठरवतो.