जीनपँटीची ओटी

त्या वर्षी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मरणांच्या बातम्या पेपरात रोजच येत होत्या. त्या वाचून शहरातल्या कुणा दयाळू मंडळींनी बार्शीटाकळीजवळच्या एका गावात जुन्या कपड्यांचा ट्रक पाठवला.

बायांनी गाठोडी सोडली आणि पाहतच राहिल्या. बिनबाह्यांचे झगे, टिकल्यांचे घागरे, कोपरात विरलेले कोट आणि जीनपँटींचा भला मोठा ढीग! शर्ट तेवढे खपले, कारण कापूस वेचणीला बाया लुगड्यावरून पुरुषी शर्ट घालतातच. बाकी सगळं शाळेच्या व्हरांड्यात पडून राहिलं. पोरांना बसायला जागा उरेना, तेव्हा सरपंच भगवंतरावांनी रॉकेल मागवलं.

सुभद्रा तेव्हाच वावरातून येत होती. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं तिनं खाली टाकलं.

"जाळू नका जी!"

"काहून? तू घालतं काय हे झगे?"

"हा बी कापूसच हाय, भाऊ. कोन्या तरी बाईनं वाकून वेचला असन. मले न्याले द्या."

ढीग तिच्या घरी आला खरा, पण त्याचं करायचं काय हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग ती एक गाठोडं घेऊन बार्शीटाकळीच्या नईमाकडे गेली. नईमाचा नवरा वाहेद शिंपी होता. रेडिमेड कपडे आले, गिऱ्हाईक तुटलं आणि तो अकोल्यात हमालीला लागला. मशीन घरात धूळ खात पडलं होतं.

नईमानं एक पँट ताणून पाहिली. "कपडा मजबूत हाय, सुभद्राबाई. पर याचं करू काय?"

"मले कापूस वेचाची ओटी शिवून दे. कमरेले बांधतो ते धडुतं दर साली बोंडाच्या टोकानं फाटते."

पहिली ओटी इतकी जड झाली की सुभद्राची कंबर धरली. नईमानं ती उसवली. जीनचं कापड फक्त तोंडाला आणि पट्ट्याला ठेवलं, खालची झोळी झग्यांच्या पातळ कापडाची केली आणि पट्टा खांद्यावरून घेतला. त्या दिवशी कापूस वेचून सुभद्रा ताठ उभी राहिली, तेव्हा शेजारच्या ओळीत वेचणारी माणिकबाई म्हणाली, "मले बी अशीच पायजे वं!"

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. कोटांच्या गोधड्या झाल्या, टिकल्या उसवून घागऱ्यांच्या उशा झाल्या.

शुक्रवारी वाहेद घरी आला, तर दारातूनच मशीनचा आवाज. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला. म्हणाला, "सुई बोथट झाली तुई. आवाजावरून समजते." आणि सुई बदलायला बसला. पुढच्या आठवड्यात तो हमालीला गेला नाही. अकोल्याच्या जठारपेठेतल्या शिंप्यांकडून त्यानं फेकायची कातरण पोत्यात भरून आणली.

संक्रांतीनंतर नांदगाव खंडेश्वरच्या बायांनी दोघींना ओटी शिवणं शिकवायला बोलावलं. नईमा म्हणाली, "मी शिवन. बोलन कोन?"

"मी हावो ना," सुभद्रा म्हणाली, आणि दोघी एसटीत चढल्या.