विहीणबाईंचं सात नंबर

मुलीचं लग्न ठरलं आणि बसड्रायव्हर एक थाप मारून बसला. होणाऱ्या विहीणबाई दातांच्या डॉक्टर. फोनवर त्यांनी सहज विचारलं, "मी रविवारी गोल्फ खेळते. तुम्ही खेळता का?" आणि हा गडी बोलून गेला, "खेळतो की, थोडंफार!"

फोन ठेवताच मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही कधी काठी तरी हातात धरली आहे का?"

"शिकेन ना. बॉल तर एका जागी पडलेला असतो. त्यात काय एवढं?"

तेव्हापासून डेपोतली ड्युटी संपली की तो सरावाच्या मैदानावर जाऊन बादलीभर बॉल बडवायचा. बॉल एका जागी पडलेला असतो, हे पहिल्या दिवशी शब्दशः खरं ठरलं. तो जागचा हललाच नाही. पुढे पुढे मात्र बरा उडू लागला.

अखेर तो रविवार उजाडला. चालता चालता विहीणबाईंनी गुलाबांच्या छाटणीचा विषय काढला. ड्रायव्हरच्या गच्चीवर गुलाबांच्या कुंड्याच कुंड्या, त्यामुळे गडी एकदम खुलला. खेळातही नशिबाने साथ दिली. बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण पुढे जात राहिला.

मग आलं तळं. झेंडा पलीकडे, मध्ये नुसतं पाणी.

विहीणबाईंनी आधी आठ नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी, काढलं. झेंड्याकडे पाहिलं. "वारा अंगावर येतोय," असं पुटपुटत त्यांनी आठ परत ठेवलं आणि सात घेतलं. नंबर लहान तितका बॉल लांब जातो, एवढं ड्रायव्हरलाही ठाऊक होतं. त्यांनी सावकाश काठी फिरवली. टक्क! बॉल पाणी ओलांडून झेंड्याजवळच्या हिरवळीवर अलगद उतरला.

ड्रायव्हरच्या मनात भलतंच आलं. या सात घेतात, मग मी पुरुषासारखा पुरुष, मला नऊ पुरे! त्याने नऊ नंबर उपसलं, दात-ओठ खाल्ले आणि असा काही तडाखा दिला की गवताचं ढेकूळ बॉलच्या पुढे गेलं.

डुबुक.

"होतं असं," विहीणबाई म्हणाल्या.

दुसरा बॉल. डुबुक. तिसऱ्याच्या वेळी काठावरची बदकं आपणहून उठून लांब गेली.

"व्याही," विहीणबाईंनी हळूच विचारलं, "कधीपासून शिकताय?"

ड्रायव्हरचे कान लाल झाले. आता लपवून काय उपयोग? "तुमचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पोरीला मोठ्या घरात कमीपणा वाटायला नको, म्हणून..."

विहीणबाई खो-खो हसत सुटल्या. "अहो, मघाशी गुलाबांचं एवढं बोलले ना, ते सगळं पाठ केलेलं! तुम्हाला वेड आहे असं सूनबाई म्हणाल्या, म्हणून रोज दवाखाना बंद केला की पुस्तक वाचत होते. माझ्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही."

"तरीच! म्हटलं, या कळ्याच छाटायला का सांगताहेत?"

डोळे पुसत त्यांनी आपलं सात नंबर त्याच्या हातात दिलं. "हे घ्या. आणि जोर लावू नका, उंच न्यायचं काम काठी करते. मला सांगा, थांब्यावर बस कशी उभी करता? कचकन ब्रेक दाबता?"

"छे! उभी माणसं पडतील की!"

"मग तसंच. उभी माणसं पडू देऊ नका."

ड्रायव्हरने खांदे सैल सोडले. काठी मागे गेली, त्याच चालीत खाली आली आणि आधी बॉलला, मग गवताला लागली. हाताला काही जाणवलंसुद्धा नाही. बॉल वर गेला, वाऱ्यात थोडा रेंगाळला, पाणी पार करून गेला आणि पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात बसकण मारून बसला.

"गेला! पलीकडे गेला!" ड्रायव्हर पोरासारखा ओरडला.

"वाळूत आहे हो."

"असू दे. कोरडा आहे ना!"

तळ्याला वळसा घालून दोघं पलीकडे गेले. वाळूतून बॉल काही केल्या बाहेर येईना. विहीणबाई काठावर बूट काढून निवांत बसल्या, आणि तो घामाघूम होऊन वाळू उडवत असताना कळ्या नाही तर मग नेमकं काय छाटायचं, ते त्याला विचारू लागल्या.