शेवटच्या पानावरचं मत

निजामाचं राज्य गेल्यावर मुरूम गावात वाचनालय निघालं. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी सभासद जमायचे आणि महिन्याभरात काय वाचलं ते सांगायचे. पुस्तक संपवणाऱ्यानं शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं, हा तिथला रिवाज. नारायणराव मास्तर पुस्तक कधी वाचतच नसत. दुसऱ्याचं उष्टं मत आपलं म्हणून खुशाल वाढायचे आणि वर टाळ्या घ्यायचे.

त्या रविवारी त्यांनी टेबलावरची नवी कादंबरी उचलली, घाईघाईनं शेवटचं पान पाहिलं आणि बोलायला उभे राहिले.

"विहिरीचा प्रसंग अगदी खरा उतरलाय. बुडणारा माणूस तीन हाका मारतो. तिसरी त्याची त्यालाच ऐकू येत नाही."

कुणीच टाळी वाजवली नाही. चैत्रात विहिरीत बुडून गेलेल्या गुंडाप्पाची जागा समोरच रिकामी होती.

"मास्तर, तुम्ही हे वाचलं कधी?" ग्रंथपाल राघवेंद्र म्हणाला. "पार्सल मी आत्ताच फोडलंय. पानंसुद्धा अजून कापायची आहेत."

मास्तरांनी पुस्तक उघडून पाहिलं. पानं खरंच एकमेकांना जोडलेली होती. राघवेंद्रनं ते त्यांच्या हातातून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे तर आपल्या गुंडाप्पाचं अक्षर!"

मताखाली आणखी एक ओळ होती. मास्तरांनी ती वाचलीच नव्हती. राघवेंद्रनं ती मोठ्यानं वाचली.

"पहिल्या दोन हाका मात्र मास्तरांनी बांधावरून ऐकल्या होत्या."