उरलेली बाजू

तिने मशीन कुत्र्याच्या मानेपासून कमरेपर्यंत फिरवली आणि पांढऱ्या केसांचा लोट टेबलावरून खाली घसरला.

“अगदी बारीक करा,” बाकावर बसलेला गृहस्थ म्हणाला. “सहा महिने बघायला नको.”

“थंडी वाजेल हो म्हाताऱ्याला.”

“वाजू दे. नखंही काढा.”

कुत्र्यांचे केस कापण्यात तिची बारा वर्षं गेली होती. गोंड्या पिल्लू होता तेव्हापासून तिच्याकडे येई आणि दर खेपेला हाच माणूस ‘जास्त कापू नका, रुबाब जातो’ म्हणून तिचं डोकं खाई. आज रुबाबाचं नाव नव्हतं.

“गावाला निघालात?”

“बदली झालीय. रविवारी सामान हलणार.”

“हाही येतोय ना?”

“येणार की. जातोय कुठे?” हे उत्तर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरला दिलं.

तिच्या मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात हमरस्त्याच्या कडेला एक कुत्री मेलेली सापडली होती. लोकांना ती भटकी वाटली. हिने शेपटीवरच्या केसांची कापणी ओळखली, स्वतःच्याच हातची होती. त्या कुत्रीच्या मालकिणीनेही आठ दिवस आधी असंच सांगितलं होतं, अगदी बारीक करा.

“पट्टा घालायचा ना परत?”

“नको, खाज येते त्याला.” फोन नंबर कोरलेला पट्टा त्याने उचलून खिशात टाकला.

उजवी बाजू साफ झाली होती. डावीकडे अजून वीतभर केस होते. तिने टेबलाखाली पाय लांब केला, वायर अंगठ्यात धरली आणि ओढली.

“गेली वाटतं मशीन. उद्या या.”

“उद्या? अहो, काय ध्यान दिसतंय हे! लोक हसतील मला.”

“हसू द्या. हसलेली माणसं विसरत नाहीत. हा कुणाचा, ते आता गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग जमिनीवर पडलेल्या वायरकडे. शेवटी कुत्र्याला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. रस्त्यावर साखळी वाजली की तिचा हात थांबे. शहाणपणा केला खरा. पण चिडून कालच कुठेतरी सोडून आला असेल तर? चहा तसाच गार झाला.

बाराच्या सुमारास दार ढकललं गेलं. आधी गोंड्या आला, एका अंगाने उंदीर, दुसऱ्या अंगाने अस्वल. मागून तो. टेबलावर दुसरं कुत्रं उभं होतं आणि मशीन घरघरत होती.

“कालपासून तेरा जणांनी अडवलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना नाव सांगावं लागलं. ह्याचं. मग माझंही.”

तिने मशीन चालूच ठेवली.

“नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही.”

“मग?”

घरघरणाऱ्या मशीनकडे बघतच त्याने विचारलं, “मशीन अजून बंदच असेल ना?”

तिने बटण दाबलं. टेबलावरच्या कुत्र्याने कान टवकारले.

“बंदच आहे. बुधवारी बघू.”

“बुधवारी आम्ही तिकडे असू. घर दुसरं बघावं लागेल.”

बोलण्यावर ती विश्वास ठेवत नसे. तिची नजर त्याच्या हातांवर होती. त्याने खिशातून पट्टा काढला आणि खाली बसला. केस गेल्यामुळे पट्टा गळ्यात सैल पडत होता. त्याने तो एक भोक आत घेतला आणि आवळत तर नाही ना, हे बोट घालून पाहिलं.