फाउस्टिनाचा चेहरा

लीलाबाई सिंकपाशी चिंचेच्या कोळात तिसरं नाणं घासत होत्या, तेवढ्यात नात शाळेतून आली. दीक्षा बघतच राहिली.

"आजी, पप्पांची कॉइन्स! स्पॉइल ऑलरेडी लाह."

तिकडच्या वळणाचं इंग्रजी कळलं नाही, पण पोरीचं तोंड बघून लीलाबाईंचा हात थांबला.

नागपूरच्या इस्पितळात आयाचं काम करताना पितळी नळ आणि दारावरच्या पाट्या घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. परदेशात, पासिर रिसच्या फ्लॅटवर लेकाकडे आल्यापासून मात्र हाताला काम नव्हतं. शोकेसमध्ये काळपट हिरवी पडलेली, बाईचा चेहरा असलेली नाणी दिसली आणि त्यांना राहवलं नाही.

लेक प्रीतम सेम्बावांगच्या शिपयार्डमधून घरी आला. त्याने नाणी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. रोमन ब्राँझची नाणी, एकेक करून जमवलेली. शतकानुशतकं चढलेला हिरवा थर हेच त्यांचं मोल होतं आणि तो आता परत येणार नव्हता. शनिवारी नाणी जमवणाऱ्यांच्या मेळाव्यात तो ती मांडणार होता. आवाज न चढवता त्याने आईला एवढं सांगितलं. त्या दिवशी लीलाबाई जेवल्या नाहीत.

सकाळी त्यांनी विचारलं, "कोण रे ही बाई?"

"फाउस्टिना. रोमच्या बादशहाची बायको. ती गेल्यावर त्याने तिला देवी केलं, मग ही नाणी पाडली. मागच्या बाजूला आहे ती धान्याची देवी."

"देवी-बिवी आपण मानत नाही. पण बाईच्या तोंडावरची काजळी मला बघवेना."

प्रीतमने नाणं बोटांत फिरवून पुन्हा तो चेहरा पाहिला. मेळाव्याला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. शनिवारी मात्र नाणी खिशात टाकली आणि आईलाही सोबत नेलं.

इतरांच्या टेबलांवर सगळं तपकिरी, हिरवं. त्याची नाणी नव्या पितळेसारखी चकाकत होती. टॅन नावाचे एक म्हातारे संग्राहक वाकून बघू लागले. हे कुणी केलं, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. प्रीतमने आपल्या छातीवर हात ठेवला; चूक माझीच, म्हणाला.

लेकाचा तो हात लीलाबाईंनी पाहिला. त्या पुढे झाल्या.

"आय," त्या म्हणाल्या. "आय क्लीन."

टॅननी त्यांच्याकडे पाहिलं. मग बाजूची खुर्ची ओढून टेबलामागे ठेवली. लीलाबाई पदर सावरून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे सरळ बघू लागल्या.