सढळ हातानं लावलेलं सिलिकॉन

कळंबला श्रावस्तीच्या गॅरेजात ती लाल, दोन दारांची टर्बो गाडी येऊन उभी राहिली आणि शेजारच्या चहावाल्याचं नशीब फळफळलं. बघे यायचे, गाडीभोवती फेरी मारायचे, ही विमानागत पळते म्हणे, असं एकमेकांना सांगायचे आणि चहा पिऊन जायचे. गाडी पळत नव्हतीच. भूमच्या रणधीरनं ती पुण्याहून हौसेनं आणली आणि ऑइल किती आहे हे बघायची तसदी न घेता अशी दामटली, की इंजिनाच्या बेअरिंगांचा पार चुरा झाला. शेवटी ती टेम्पोत बसून श्रावस्तीच्या दारात आली.

श्रावस्ती पुण्यात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायला शिकलेली. गावात गॅरेज टाकलं तेव्हा बाईमाणूस गाडीखाली कसं झोपणार, असा लोकांना मोठा प्रश्न पडला होता. ती झोपली आणि प्रश्न मिटला. त्यामुळे या इंजिनाची तिला धास्ती नव्हती. तिला काळजी होती ती बापाची.

आबाराव म्हणजे एसटीच्या आगारातले जुने मिस्त्री. सारी हयात डिझेल इंजिनांच्या पोटात हात घालण्यात गेली. रिटायर झाले आणि घराच्या ओट्यावर बसले, ते बसलेच. येणारा-जाणारा म्हणायचा, आबाराव, लई राबलात, आता आराम करा. आराम हा शब्द ऐकून ऐकून माणूस सुकत चालला होता. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. एक दिवस त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी, लेकीला फोन केला.

"ह्यांना तुझ्या गॅरेजात घेऊन जा गं. मिक्सर उघडून झाला, पंखा उघडून झाला. आता माझ्याकडं बघायलेत."

श्रावस्ती फोनवर हसली खरी. पण दुसऱ्याच दिवशी ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. बापाला दादा म्हणायची त्या घरची रीत. "दादा, एक मोठं काम आलंय. एकटीनं व्हायचं न्हाय." आबारावांनी खुंटीवरचा खाकी शर्ट काढला.

तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. या कामात दादांच्या हातून काही बिघडू नये. बिघडलं तर हा मानी माणूस ओट्यावर परत जाईल आणि मग कुणाच्या सांगण्यानं उठायचा नाही.

पहिल्या दिवशी आबाराव इंजिनाकडं बघून खो-खो हसले. "एवढुसं? आमच्या बसच्या पिस्टनात ह्येची आंघूळ व्हईल." टर्बोला ते गोगलगाय म्हणायचे. दिसायला ती तशीच, गोल वळलेली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते, हे त्यांना ठाऊक होतं. पण असल्या नाजूक वस्तूवर कुणी एवढा भार टाकावा, याचा त्यांना अचंबा वाटायचा.

काम मात्र झकास चाललं. इंजिनाचा ब्लॉक सोलापूरहून घासून आला, नवे पिस्टन बसले, त्यांना जोडलेली क्रँक बोटानं ढकलली तरी फिरू लागली. बापलेक दुपारी एकाच डब्यातली भाकरी खायची. आबाराव शीळ घालू लागले. कुठं बारीकसारीक चुकलं, की श्रावस्ती त्यांची पाठ वळेपर्यंत थांबायची आणि गुपचूप ते नीट करून ठेवायची. बोलायची एका शब्दानं नाही. आपण किती हुशारीनं म्हाताऱ्याला सांभाळतो, असंही तिला मनातून वाटायचं.

इंजिन चालू झालं तेव्हा आबारावांनी दोन्ही हात जोडले. पुढं राहिलं होतं ट्यूनिंग. किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, टर्बोचा जोर कुठवर वाढवायचा, हे सगळं लॅपटॉपवरून ठरवायचं. येरमाळ्याच्या रस्त्याला गाडी काढली. श्रावस्ती चालवत होती आणि आबाराव लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं लेकरू घेतल्यागत, हलायलाही तयार नाहीत. ती मधेमधे गाडी कडेला घ्यायची, आकडे बघायची, थोडं पेट्रोल वाढवायची, पुन्हा निघायची. टर्बोनं जोर धरला तशी पाठ सीटला चिकटली.

"आगं आगं आगं!" आबाराव ओरडले आणि लगेच म्हणाले, "अजून एकदा."

तेवढ्यात मागून मोटरसायकलवाला हॉर्न मारत शेजारी आला आणि हातानं मागं बघा म्हणाला. श्रावस्तीनं आरशात पाहिलं. मागं निळ्या धुराचा लोट उठला होता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तिनं गाडी तशीच गॅरेजात परत आणली.

पिस्टनच्या रिंगा गेल्या असल्या तर अख्खं इंजिन परत उघडायला लागणार होतं. तिनं गेज लावून दाब तपासला, तो चोख निघाला. म्हणजे इंजिन ठीक होतं आणि दुखणं टर्बोत होतं. आबाराव घरी डबा आणायला गेले होते, तेवढ्यात तिनं टर्बोखालची नळी सोडली. टर्बोतलं ऑइल याच नळीनं खाली इंजिनात परत येतं. नळीच्या जोडाला पत्र्याची पातळ चकती, म्हणजे गॅस्केट असतं आणि ते कोरडंच बसवायचं असतं. पण गॅस्केटच्या दोन्ही अंगांना करड्या सिलिकॉनचा, जोडाला फासायच्या चिकट लुकणाचा, जाड थर होता. जोड आवळल्यावर तो दबून आत आला होता आणि त्यानं नळीचं तोंड जवळजवळ बुजवलं होतं. ऑइलला खाली वाट मिळेना, म्हणून ते सायलेन्सरच्या वाटेनं निघालं होतं.

हे काम कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आबारावांच्या हाताखालून कुठलाही जोड कधी कोरडा गेला नव्हता. बसच्या जाडजूड इंजिनाला ते चालून जायचं. इथंही त्यांनी मायेनंच, चार बोटं जास्त लावलं होतं. इथं लावू नका, हे तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

आबाराव परत आले. "काय निघालं?"

श्रावस्तीनं सिलिकॉन खरवडून गॅस्केट ट्रेत टाकलं होतं. "गॅस्केट खराब निघालं, दादा. मालच हलका."

त्यांनी ट्रेमधलं गॅस्केट उचललं, उलटंपालटं केलं आणि खिशात घातलं. मग चपला सरकवून निघाले. चहाला गेले असतील, असं तिला वाटलं.

परत आले ते छाती पुढं काढून. ते मोंढ्याकडच्या रस्त्याला कल्याणप्पांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले होते. गॅस्केट तिथूनच आणलेलं. कल्याणप्पा म्हणजे आबारावांचा जिवाभावाचा दोस्त. आबाराव गॅरेजात येऊ लागल्यापासून दोघं रोज संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर बसायचे.

"चार गिऱ्हाइकांसमोर उभा केला त्येला," आबाराव म्हणाले. "म्हनं माझा माल खराब निघायचा न्हाय. म्या म्हणलं, मग माझी पोर खोटं बोलती व्हय? गप बसला. सांगून आलाव, आजपास्नं तुझ्या पायरीला पाय लावायचा न्हाय."

श्रावस्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचा मान राखायला ती खोटं बोलली होती आणि त्या खोट्यापायी त्यांचा एकुलता एक दोस्त गेला होता. आता गप्प बसणं तिला जमणारं नव्हतं.

"दादा, इकडं या." तिनं नळी त्यांच्या हातात दिली. "गॅस्केट चांगलं होतं. सिलिकॉननं वाट बुजली. ते तुम्ही लावलंत. आणि मी खोटं बोलले."

आबारावांनी नळी उजेडाकडं धरली. बुजलेल्या तोंडात करंगळी घालून बघितली.  मग नळी खाली ठेवली, हात धुतले आणि चपला घालून निघून गेले.

तिनं आईला फोन लावला. दादा घरी गेले नव्हते. तिच्या मनात ओटा आला, त्यावरचा तो गप्प माणूस आला. पान्याला हात लावायची इच्छा राहिली नाही. ती टायरवर बसून रडली. चहावाल्यानं न मागता चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

दुपार कलल्यावर दारात आबाराव आले. सोबत कल्याणप्पा होते, त्यांच्या हातात नवं गॅस्केट होतं.

"त्याच गिऱ्हाइकांना थांबवून माफी मागितली ह्यानं," कल्याणप्पा म्हणाले. "दोघं निघून गेलते, त्यांना रस्त्यातून वापस आणलं. मलाच लाज वाटली, माय."

आबाराव लेकीसमोर उभे राहिले. "मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग? काय मेलो असतो?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आगारात माणूस चुकला की चुकलेला पार्ट दारातल्या खिळ्याला टांगायचे. खाली खडूनं त्येचं नाव. काम नीट होईस्तोवर नाव तसंच. माझं कैकदा लागलंय. पोरं हसायची, म्या बी हसायचो, अन् काम परत करायचो. आता सगळे आराम करा म्हंत्यात. चुकलास म्हणायला कुणी राहिलं न्हाय. तू बी पाठीमागं गुपचूप नीट करून ठेवायलीस. मला काय दिसत न्हाय व्हय?"

श्रावस्तीनं डोळे पुसले. 

आबारावांनी खिशातून जुनं गॅस्केट काढलं, दाराच्या खिळ्याला तारेनं टांगलं आणि खाली खडूनं ठळक अक्षरांत लिहिलं, आबाराव. मग खडू लेकीपुढं धरला. "तुझं बी लिव्ह. खोटं बोललीस त्येचं."

तिनं त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं.

"आता सांग, अजून काय काय चुकलंय माझं?"

ती आधी अडखळली, मग सांगत गेली. चिंध्यांनी पुसता, त्याचे दोरे आत राहतात. पाना खट्कन वाजला की बोल्ट बसला असं समजायचं, वर आणखी एक हिसका द्यायचा नाही. मोजायची पट्टी हातोडीखाली ठेवता. आबाराव मान डोलवत ऐकत होते. कल्याणप्पांना हसू आवरेना. "एवढंच व्हय?" आबाराव म्हणाले आणि नवं गॅस्केट कोरडंच बसवायला गाडीखाली शिरले.

टर्बो धुऊन-पुसून परत चढली. येरमाळ्याच्या रस्त्यानं गाडी तीरासारखी गेली आणि मागं धुराचा मागमूस नव्हता. रणधीर येऊन आनंदानं गाडी घेऊन गेला. श्रावस्तीनं ओलं फडकं घेतलं, आधी आपलं नाव पुसलं आणि शेजारच्या नावाकडं हात नेला.

"माझं राहू दे गं," आबाराव मागून म्हणाले. "लई दिवसांनी कामावर नाव लागलंय."