जीपला गच्चीचं वॉटरप्रूफिंग

जीपचा तळ गेलाय हे मला कळलं तेव्हा मी जीपमध्ये होतो आणि माझी डावी चप्पल मार्वे रोडवर.

"शर्मिष्ठा, खाली रस्ता दिसतोय," मी म्हणालो.

"समोर बघ ना. समोर पण तोच आहे."

"पाय कुठे ठेवू?"

"मांडी घाल. घरी घालतोसच की."

चपलेसाठी तिने गाडी थांबवली नाही. ती गाडी एकदा थांबली की पुन्हा निघायचं की नाही हे स्वतः ठरवते.

शर्मिष्ठा माझी बायको. अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि गेली नऊ वर्षं दर शनिवारी मढच्या मागच्या खाजणात जाऊन खारफुटीची तिवरं मोजते. तिवरं काही पळून जात नाहीत, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "पळून नाही जात, कापली जातात. म्हणून मोजायची." त्या खाजणात साधी गाडी जात नाही. बांधावरून, चिखलातून, खाऱ्या पाण्यातून चारही चाकांनी ओढत जाणारी ही पंचवीस वर्षांची जीप तेवढी जाते, आणि येताना खाजणाचा थोडा भाग बरोबर घेऊन येते. तो मॅटखाली मुरतो. मुरून मुरून पत्र्याचा पापड झाला होता आणि त्या पापडावर माझे पाय होते.

जीप भंगारात जावी ही माझी जुनी इच्छा. घरात ती जीपसकट सगळ्यांना माहीत होती.

जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणीला नेऊन ती अजून धड आहे हे दाखवावं लागतं. पेन्शनर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जातात, तसंच. फक्त पेन्शनरांचे ब्रेक कोणी बघत नाही. यंदा आमची जीप दोनदा नापास झाली, एकदा ब्रेकमुळे, एकदा दिव्यांमुळे. तिसरी तारीख मिळाली ती नोंदणी संपण्याच्याच दिवसाची. तेव्हा शर्मिष्ठा आपणहून म्हणाली, "या वेळी नापास झाली तर भंगारात देऊन टाकू. मी एक शब्द बोलणार नाही. पण तोवर तळाचं काम तू बघायचंस, माणिक. मनापासून."

'मनापासून' तिने मुद्दाम घातलं होतं.

मी मनापासून बघितलं. डेंटरने गंजलेला पत्रा कापला, नवा वेल्ड केला आणि म्हणाला, "आता खालून-वरून कोटिंग मारून घ्या, नाहीतर दोन वर्षांत परत भेटू." कोटिंगवाल्या वर्कशॉपमध्ये आमचा नंबर तीन आठवड्यांनी होता. हातात सहा दिवस होते.

इथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर सामंत आले. सामंतांना यायला कारण लागत नाही.

"वर गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललंय ना आपल्या," ते म्हणाले. "धोंडिराम कॉन्ट्रॅक्टर वर आहेच. कोटिंग ते कोटिंग. गच्चीला चालतं, ते जीपला का नाही चालणार? दहा वर्षांची गॅरंटी देतो तो."

"सामंत, गच्ची खाजणात जात नाही."

"पण चार महिने पाण्यात असते ना?"

मी धोंडिरामला खाली बोलावलं. शिवाय शर्मिष्ठा कुडाळची आणि धोंडिराम कणकवलीचा. दोघांनी एकमेकांना आपापली गावं सांगितली आणि कामाचा तांत्रिक विचार तिथेच संपला.

"वैनी, तुमी काळजी करू नकात," धोंडिराम म्हणाला. "एक थेंब जावचो नाय."

कुठून कुठे जावचो नाय, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी ऑफिसला गेलो.

तीन दिवसांनी जीप तयार झाली. काम मनापासून केलेलं होतं, त्यात वाद नाही. तारेच्या ब्रशने घासलेलं, वर प्रायमर, गच्चीच्या भेगांवर चिकटवतात ती जाळी, आणि त्यावर तीन हात. कोपऱ्यांना गच्चीच्या कठड्याशी देतात तशी सुबक गोलाई. रंग पांढरा, उन्हाने तापू नये म्हणून. आतून जीप बाथरूमसारखी दिसत होती आणि खालून गाईसारखी.

"चार भोकां होती तळाक," धोंडिराम म्हणाला. "बुचां लावलेली. ती पन बंद केलंय. तेचे वेगळे पैसे नकोत."

"अहो, ती पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात!"

"भायर जाता, थयसूनच आत येता, साहेब."

मी शर्मिष्ठाकडे बघितलं. ती मान डोलवत होती.

"आता टेस्ट," धोंडिराम म्हणाला.

गच्चीचं काम झालं की तिच्यावर पाणी साठवतात आणि दोन दिवस ठेवून बघतात. धोंडिरामने आयुष्यात या टेस्टशिवाय काम दिलं नव्हतं आणि जीपसाठी तत्त्व मोडायला तो तयार नव्हता. त्याने दोन्ही दारांशी विटेचे तुकडे लावून सिमेंटचे छोटे बांध घातले. मग बागेचा पाइप आणून जीपमध्ये चार बोटं पाणी भरलं आणि पेन्सिलीने रेघ मारली.

"काढा ते पाणी," मी म्हणालो.

"अठ्ठेचाळीस तास हात लावू नकात. गॅरंटी जाता."

"जाऊ दे गॅरंटी!"

"असं कसं जाऊ दे?" सामंत मध्ये पडले. "सोसायटीच्या आवारात काम झालंय. रीतसर व्हायला नको?" त्यांनी गच्चीच्या पाण्याचं रजिस्टर आणून त्यात खाली जीपसाठी एक रकाना आखला.

दोन दिवस आमची जीप पाणी भरून सोसायटीत उभी होती. लोक मुलांना घेऊन येत होते. अठ्ठेचाळीस तासांनी सामंतांनी रजिस्टर वाचलं. गच्चीचं पाणी दोन बोटं उतरलं होतं आणि सातशे दोनच्या छताला ओल आली होती. जीपचं पाणी रेघेवर होतं, एक केस इकडे नाही, तिकडे नाही.

"सामंतकाका," सातशे दोनची रुचिरा म्हणाली, "तुम्ही ती जीपच माझ्या बेडरूमवर ठेवा."

धोंडिरामने माझ्याकडे बघितलं ते मुलगा बोर्डात आलेल्या बापाच्या नजरेने. मग पाणी काढायची वेळ झाली. बाहेर जायला वाट नव्हतीच. बांध फोडून दारातून जेवढं गेलं तेवढं गेलं, उरलेलं मी टमरेलाने उपसलं. उपसताना मला एवढंच समाधान होतं की हे मी जीपसाठी शेवटचं करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तपासणीच्या मैदानात होतो. निरीक्षक तिशीच्या मॅडम होत्या. दिवे लागले. ब्रेक लागले, मी अक्षरशः पुढे आपटलो. शर्मिष्ठा हसली. मी हसलो नाही. जीप पास होत चालली होती.

"चासी नंबर," मॅडम म्हणाल्या. गाडीच्या सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. छाप नाही तर समोरची गाडी कागदावरचीच आहे, याला पुरावा नाही.

"उजव्या पुढच्या चाकाच्या मागे," शर्मिष्ठा म्हणाली आणि दाखवायला वाकली. ती वाकलेलीच राहिली.

मॅडमही वाकल्या. "इथे नुसतं पांढरं आहे."

"खाली आहे नंबर. कोटिंगच्या खाली."

"मला खालचा कसा दिसणार? एक वाजेपर्यंत आहे मी. नंबर दिसला तर ठीक, नाहीतर नापास लिहावं लागेल."

बारा वीस झाले होते. शर्मिष्ठाने धोंडिरामला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अहो, ते कोटिंग काढायचं कसं?"

"निघूचा नाय," पलीकडून आनंदाने आवाज आला. "धा वर्सां."

"त्याच्या खाली गाडीचा नंबर गेलाय!"

"मगे असा करा वैनी. नंबर माका लिवून धाडा. मी येतंय आनी वरसून काळ्या रंगान रंगवून देतंय. झकास अक्षर आसा माझा."

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या गच्चीचे कॉन्ट्रॅक्टर," मी म्हणालो. मॅडमनी घड्याळ बघितलं.

शर्मिष्ठाने पिशवीतून रोपांचं खुरपं काढलं आणि जमिनीवर बसली. तिचा उजवा खांदा सहा महिने आखडलेला, हात वर जात नाही. डाव्या हाताने चार-पाच वेळा खरवडलं. पांढऱ्यावर पांढरी रेघ उठली, एवढंच. मग ती थांबली. खुरपं पिशवीत ठेवलं आणि पिशवीची चेन लावली.

"जाऊ दे माणिक," ती म्हणाली. "ठरलं होतं आपलं. भंगारवाल्याला फोन कर."

हे वाक्य मी नऊ वर्षं मनात तिच्या आवाजात ऐकत आलो होतो. मनातल्या आवाजाला त्यानंतर नाक ओढायची सवय नव्हती.

"असं कसं जाऊ दे?" मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे खुरपं दे."

मला जीपबद्दल काही वाटत होतं असं नाही. आजही वाटत नाही. पण पत्रा कापून, तीन हात मारून, टमरेलाने पाणी उपसून झाल्यावर ही बया गंजाने नाही तर गच्चीच्या गॅरंटीने मरणार, हे मला मंजूर नव्हतं. मी शर्टासकट खाली शिरलो. खरवडून काही होत नव्हतं. मग जाळीचं एक टोक हाताला लागलं. ते नखाने सोडवलं, खुरप्याला गुंडाळलं आणि ओढलं. बोटभर पट्टी सुटली. पुन्हा ओढलं. तोंडात पांढरे कपचे पडत होते.

"दिसतंय का?" शर्मिष्ठा बाहेरून.

"थांब!"

"थुंकी लाव."

"थुंकायला तोंड मोकळं आहे का माझं?"

एक वाजायला आठ मिनिटं असताना पहिला आकडा दिसला. मग मी एकेक ओरडून सांगत गेलो, शर्मिष्ठा कागदावर बघून "बरोबर" म्हणत गेली. शेवटचा आकडा सात निघाला तेव्हा ती नुसतं "हो" म्हणाली.

मॅडम ओढणी सावरून खाली शिरल्या, छाप घेतली, बाहेर आल्या. सही करताना एकदा आतला तळ बघितला, पायाने दाबून पाहिला.

"काम मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं चालवा."

पाच वर्षं. तेव्हा मी एकसष्टचा असेन आणि आकाशात देव असेल तर हे खाजणातले शनिवार नसतील.

मी केसांतले कपचे झटकत होतो. शर्मिष्ठाने रुमाल पुढे केला, मग विचार बदलून स्वतःच माझं कपाळ पुसलं. दोनदा. आजूबाजूला रिक्षावाले होते.

"बस," ती म्हणाली आणि इंजिन सुरू केलं. ते मेलं पहिल्या झटक्यात लागलं.

"घरी ना?"

"अडीचला ओहोटी आहे. आत्ता निघालो तर मढला वेळेत पोचू. आज कॉलेजला सुट्टी टाकलीच आहे."